राधाच्या बाजूची भिंत

चारकोप,
१२ जानेवारी २०२५

राधा, जयभीम घे.

अक्षर ओळखलंस ना? सातवीपर्यंतचंच आहे, पण माझंच आहे. रुचिरा म्हणत होती, आजी तू बोल, मी मोबाईलवर टाइप करते. म्हटलं नको. नातीच्या हातून तुझ्यामाझ्यातलं काही जायला नको. तिनं फक्त पोस्टात टाकायचं.

फोनच करणार होते. पण बोरीवलीच्या मार्केटात आमच्या जान्हवीला तुझी तेजल भेटली. सुनांचं बरं असतं, सासवा बोलत नसल्या तरी त्या भाजी निवडता निवडता सगळं बोलून घेतात. तेजल म्हणाली, आईंना आता ऐकू येत नाही, कानाचं मशीन दिलंय तर ते डब्यात घालून ठेवलंय. ऐकून वाईट वाटलं मला. हे आधीच सरळ लिहून टाकते, कारण पुढे माझं पेन कुठे जाईल त्याचा भरवसा नाही.

आता कामाचं. सुशांत घर पाडून नवीन बांधतोय. खाली एक खोली, वर दोन. हर्षद म्हणून कॉन्ट्रॅक्टर आहे, सेक्टरातली बरीच घरं त्यानंच उभी केलीत. तू चौक बघितलास तर ओळखणार नाहीस. सगळी घरं वर चढली. कुणाला बाहेरून लोखंडी जिना, कुणाला पुढच्या भिंतीला चकचकीत टाइल्स, एकानं तर गच्चीवर सिंहाची दोन तोंडं बसवलीत. मधल्या मोकळ्या जागेत बाईका लागतात. आपण पापड वाळत घालायचो तिथे आता ऊनच उतरत नाही. बसकी अशी दोनच घरं राहिली, तुझं आणि माझं, एका भिंतीला टेकलेली.

ती भिंतच अडचण झालीय. हर्षद म्हणतो, कॉलम घालायचे तर ती पाडावीच लागेल. भिंत दोघांची, म्हणजे तुमची परवानगी हवी. सुशांत म्हणाला, आई, तू माग. म्हणून मागते.

तुझं घर उघडं पडणार नाही. मधे पत्रा मारून देतील आणि नवीन भिंत आमच्याच खर्चानं होईल. विचार करून सांग. घाई नाही.

जाता जाता एक. तू गेलीस तेव्हा माझा वरवंटा तुझ्या सामानात गेला. पाटा इथे, वरवंटा घाटकोपरला. मी सात वर्षं काही म्हटलं नाही.

सुगंधा


चारकोप,
२ फेब्रुवारी

राधा,

उत्तर आलं नाही. सुशांत रोज ऑफिसातून आला की विचारतो, काय झालं? मी म्हणते, पोस्टाला वेळ लागतो. तो म्हणतो, घाटकोपर काय दुबईला आहे?

त्याला दोष देत नाही. त्याची बाजू तुला सांगायला हवी. रुचिराचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष आहे. ती माळ्यावर पालथी झोपून अभ्यास करते, उठून बसली की डोकं पत्र्याला लागतं. खाली मी खोकते, जान्हवीचा कुकर, सुशांतचा टीव्ही. एकाच खोलीत सगळा संसार. आपण कसे राहिलो ते आता आपलं आपल्यालाच खरं वाटत नाही.

मी रुचिराला परवा सांगत होते. म्हाडाच्या सोडतीत आपले नंबर लागले तेव्हा घर मिळालं असं सगळे म्हणाले, आणि इथे येऊन बघतो तर घर कुठे? खाजणात भराव घातलेला, चुन्याच्या रेघा मारलेल्या, प्रत्येक रेघेत एक ओटा आणि एक संडास. बाकीचं घर तुमचं तुम्ही बांधा, जसं जमेल तसं. माझी आई मालवणातून बघायला आली ती म्हणाली, "गो बाय, घर खंय हा? हो नुसतो संडास." तू शेजारच्या ओट्यावर ट्रंकेवर बसली होतीस, तू हसलीस. तुझीमाझी ओळख त्या हसण्यावरची.

भिंत एकच बांधू, विटा वाचतील, हे सुचलं तुझ्या अंबादास भाऊजींना. एका रविवारी आमचे हे थर लावायचे, दुसऱ्या रविवारी भाऊजी. यांची गिरणी बंद पडलेली, पण गिरणीतली लाकडी कांडी यांनी जपून ठेवलेली. ती सुताला बांधली आणि म्हणाले, झाला ओळंबा. हलकी कांडी ती. खाडीवरचं वारं आलं की ती सुतासकट तुझ्या बाजूला झुलायची आणि हे तिच्याबरोबर विटा लावत जायचे. भाऊजी आपल्या रविवारी येऊन बघायचे, काही बोलायचे नाहीत, यांच्याच थरावर आपला थर लावायचे. छपराचे पत्रे चढल्यावर कळलं की भिंतीला पोट आलंय, चार बोटं, तुझ्या घरात. आमचे हे म्हणाले, "वाऱ्यान घोळ घातल्यान." भाऊजी म्हणाले, जयवंतराव, गिरणी गेली तरी तुमचं सूत काही सुटलं नाही.

तेव्हा आपण चौघं हसलो होतो. आणि त्याच चार बोटांवरून आपल्या पोरांनी एकमेकांच्या कॉलरी धरल्या. सुशांतला तेव्हाच वर खोली काढायची होती, तर आकाश म्हणाला आधी आमची चार बोटं जागा परत द्या. तू तुझ्या लेकाची झालीस, मी माझ्या. आया दुसरं काय करतात? पण राधा, टेम्पो लागला तेव्हा तू माझ्या दाराकडे वळूनही बघितलं नाहीस. मी दारातच उभी होते.

हे लिहायचं नव्हतं. आता लिहून झालं. खोडत नाही.

परवानगीचं कळव. न कळवलंस तरी मी समजून घेईन. म्हणजे भिंत आहे तशी राहील, दुसरं काय.

सुगंधा


चारकोप,
२३ फेब्रुवारी

राधा,

आकाशचा फोन आला होता, सुशांतला. हो म्हणाला. पाडा म्हणाला, आमची काही हरकत नाही, आम्हाला तसंही ते घर विकायचंच आहे.

सुशांतनं फोन ठेवला आणि जान्हवीला म्हणाला, झकास, काम झालं. रुचिरा उड्या मारायला लागली. मी पण हसले. मग डाळीला फोडणी द्यायला गेले आणि मोहरी जळून कोळसा होईपर्यंत बघत बसले.

तुला विचारलं का गं त्यानं? का तू माझी पत्रं वाचून त्याच्या हातात दिलीस, आणि म्हणालीस, बघ बाबा तुझं तू?

आता खरं लिहिते. मी परवानगी मागत होते ती सुशांतसाठी. माझ्यासाठी मी देवाकडे मागत होते की राधा नाही म्हणू दे. तू नाही म्हणालीस की मी सुशांतला सांगणार होते, बाबा, म्हातारी हट्टी आहे, मी तरी काय करू. सगळं तुझ्या डोक्यावर टाकून मी मोकळी होणार होते. नातीला खोली हवी हे मला कळतं, आणि ती भिंत जाऊ नये हेही वाटतं. दोन्ही खरं आहे. मधल्या मधे मी.

तुला आठवतं ना, भिंतीवर एकदा ठोकलं म्हणजे उठलीस का, दोनदा म्हणजे ये. तू वरवंट्यानं, मी लाटण्यानं. वरवंटा माझाच, पण तो कायम तुझ्याकडे असायचा, कारण तुझा ठोका लवकर. भाऊजी मोरीत पडले त्या दुपारी दोनदा नाही, तू ठोकतच राहिली होतीस. मी पिठाच्या हातानं धावले होते. यांच्या वेळी मी ठोकलं आणि तू आलीस, ओल्या केसांनी. आपल्या चौकात एवढी घरं, एवढी माणसं, पण मला आधी कोण हवं ते त्या भिंतीला माहीत होतं.

आणि आता हसू नकोस. मी अजून ठोकते. सकाळी चहा ठेवला की लाटण्यानं एकदा. पलीकडे कुलूप आहे हे मला कळतं, मी काही वेडी नाही. सुरुवातीला जान्हवी बघायची, आता बघत नाही.

हे तुला कधी सांगणार नव्हते. पण त्या फोनमध्ये आकाश अजून एक बोलला. सुशांतनं विचारलं, मावशी कशा आहेत? तर हसून म्हणाला, अरे यार, आईनं वाट लावलीय. रोज सकाळी वरवंटा घेऊन हॉलची भिंत ठोकते. शेजारचे चंद्रप्रकाश म्हणून आहेत, त्यांनी सोसायटीत तक्रार केली. ऐकू येत नाही, त्यामुळे किती जोरात ठोकते ते तिलाच कळत नाही.

सुशांत ते मला सांगताना हसत होता. मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून ठेवला.

राधा, नाही म्हण. माझं ऐक. घर विकू नको आणि भिंत पाडू देऊ नको. पोरांचं आपण काहीतरी बघू.

सुगंधा


चारकोप, तुझ्या घरातून,
३० मार्च

राधा,

तुझं कार्ड आलं. कार्ड कसलं, हुकूमच तो. समोर ठेवूनच लिहितेय: "सुगंधे, भिंत पाडा. पोरीले जागा पायजे. पन मी आल्याबिगर हात लावू नोका. बांधकाम होईस्तोवर माह्या घरात राहा. घर माह्या नावावर हाय, आकाशच्या नाही."

आधी मला राग आला. मी एवढं काकुळतीला येऊन नाही म्हण म्हटलं, आणि तू चार ओळींत माझा निकाल लावलास. दोन दिवस कार्ड पिठाच्या डब्याखाली ठेवलं होतं. मग रुचिरानं माळ्यावरून उतरताना परत डोकं आपटून घेतलं, कपाळ चोळत हसली. तिला बघून मनात म्हटलं, राधा बरोबर आहे. तू नेहमी आधी बरोबर असतेस आणि मी मागाहून येते.

किल्ली घेऊन आकाश स्वतः आला. दारात उभा राहिला, आत येईना. सुशांत पण नुसता गेटपाशी. दोन दांडगे बाप्ये, केस पिकायला लागले, आणि कुणी आधी बोलावं यावर अडून बसलेले. शेवटी मीच म्हटलं, आकाश, कुलूप गंजलंय, तेल लागेल, सुशांत तेल आण. कुलूप उघडेपर्यंत दोघं बोलायला लागले होते, कुलपाबद्दलच.

तुझं घर मी झाडून घेतलं. तुझ्या बाबासाहेबांच्या फोटोची काच पुसली, बुद्धाची मूर्ती होती तिथेच ठेवलीय. आमचे गणपती आणि कुलदेवता तुझ्या फडताळात खालच्या फळीवर बसलेत. पाहुणे आहेत, सांभाळून घेतील.

आणि मी ती भिंत तुझ्या बाजूनं बघितली. एवढी वर्षं तुझ्याकडे ऊठबस, पण कधी राहिले नव्हते ना. तुझं कपाट भिंतीला लागतच नाही गो. मागे पुठ्ठ्याच्या घड्या, पायाखाली फरशीचा तुकडा. पलंग तिरका. रात्री कूस बदलली की कोपर त्या पोटाला लागतं. मी लोकांना सांगत फिरायचे, चार बोटांनी काय फरक पडतो. पडतो. तू एकदाही बोलली नाहीस, बोलला तो आकाश, आणि त्याला मी काय काय बोलले ते जाऊ दे.

कपाटाच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर, प्लास्टरला खळगा पडलाय. वाटीएवढा. वरवंट्याचा. मी त्यात बोटं घालून बसले होते.

जयंतीला ये. चौदा एप्रिलला चौकात दरवर्षीसारखा मंडप आहे, खीर माझ्याकडे आहे. घाटकोपरहून मेट्रोनं डी. एन. नगर, तिथे बदललं की डहाणूकरवाडी. आकाशला आणायला सांग. आमचं घर तोवर उतरवतील, पण भिंत राहील. हर्षदला मी बजावलंय.

सुगंधा


चारकोप,
२० एप्रिल

राधा,

तू परवा गेलीस आणि लगेच हे काय पत्र, म्हणशील. पण तू होतीस तेव्हा सगळे तुझ्या कानाशी ओरडत होते आणि तू सगळ्यांना नुसती मान डोलावत होतीस. माझं बोलणं राहिलं.

किती वाळलीस गं. आणि तरी जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून त्या ढिगाऱ्यातून अशी चाललीस जशी काही साहेबीण पाहणीला आलीय. आमच्या बाजूला छप्पर नाही, दार नाही, नुसती ती एक भिंत उभी. माझा निळा रंग उन्हात अगदीच केविलवाणा दिसत होता. हर्षद घण घेऊन तयार. तू त्याला हातानं थांब म्हणालीस आणि आपल्या घरात गेलीस, आतून दार ओढून घेतलंस.

आकाश म्हणाला, आई काय करतेय? मला कळलं होतं. मी तुझ्या घरातून येताना पदरात गुंडाळून आणलेलं लाटणं काढलं आणि विटांच्या ढिगावर चढून माझ्या जागेवर उभी राहिले. एकदा ठोकलं.

पलीकडून काहीच नाही. मी परत ठोकलं. मला वाटलं, हिला कसं ऐकू येणार, मी पण काय. मग तिकडून आलं, एकदा. वरवंट्याचं नाही, मुठीचं. तू नंतर खुणेनं दाखवलंस तळवा भिंतीला लावून, कसं हाताला लागलं ते. ऐकू येत नाही पण लागतं, म्हणालीस.

तेव्हा मी पलीकडून बोलत होते, ते तुला कुणी सांगितलं नसेल. सुशांत, आकाश, हर्षदची माणसं सगळी खाली माना घालून उभी होती, त्यांनी ऐकलं. फक्त तू ऐकलं नाहीस, म्हणून लिहिते. मी म्हटलं, राधा, परत ये. मला तुझ्याशिवाय करमत नाही. सून चांगली आहे, नात जीव लावते, पण माझ्या वयाचं, माझ्याबरोबर ओट्यावर बसलेलं कुणी उरलं नाही. एवढंच म्हटलं. मग दोनदा ठोकलं.

तू दार उघडून बाहेर आलीस आणि हर्षदला म्हणालीस, पाडा आता.

भिंत खाली यायला वेळ लागला नाही. धूळ बसल्यावर तुझी खोली आणि आमची मोकळी जागा एकच झाली, पूर्वी दोन ओटे होते तशी. तुझा आकाश बराच वेळ मधे उभा होता. मग त्यानं तुला घराच्या गिऱ्हाइकाबद्दल काहीतरी लिहून दाखवलं मोबाईलवर, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस, "मी मेल्यावर ईक." बिचाऱ्याचं तोंड बघवत नव्हतं. मला मात्र त्या दिवशी जेवण गोड लागलं.

पण मेल्यावर विक म्हणालीस, येते म्हणाली नाहीस. माझ्या दोन ठोक्यांचं उत्तर अजून यायचंय.

सुगंधा


चारकोप,
२५ मे

राधा,

तेजलनं जान्हवीला, जान्हवीनं मला, असं फिरत फिरत कळलं. कांदिवलीच्या कानाच्या डॉक्टरची चौकशी तू करायला लावलीस म्हणे. घाटकोपरला कानाचे डॉक्टर संपले का? मी काही विचारत नाही. तू सरळ सांगणार नाहीस हे मला माहीत आहे.

नवीन भिंतीचं सांगते. हर्षद म्हणत होता, आता दोघांच्या दोन वेगळ्या भिंती करू, किंवा ते हलके जाड ब्लॉक लावू, आवाज अजिबात येत-जात नाही. म्हटलं, बाबा, आवाज येत-जात नाही तर भिंत कशाला बांधायची. वीटच लाव, चार इंची, आणि दोघांत एक. तो सुशांतकडे बघायला लागला. सुशांत म्हणाला, आई सांगते तसं कर.

आकाश आला होता रविवारी. त्याला आणि सुशांतला लहर आली, पहिला थर आम्ही लावणार म्हणून. सुशांत बँकेत, आकाश कुरिअर कंपनीत, दोघांनी जन्मात थापी धरलेली नाही. हर्षदकडे लाल रेघ मारणारं मशीन आहे, ते बाजूला ठेवलं आणि सुतळी बांधली. रुचिरा मोबाईलवर शूटिंग करत होती. दोघं घामाघूम होऊन उठले, बघतो तर थराला बाक आलेला. ह्या वेळी आमच्या बाजूला.

हर्षद म्हणाला, मी काढून नीट लावतो. मी म्हटलं, हात लावायचा नाही. फरशी आली की झाकला जाईल, पण आत असू दे. ती बोटं आमच्याकडून तुला परत.

आता भिंत वर स्लॅबला भिडलीय. दोन्हीकडून प्लास्टर चालू आहे, पाऊस लागायच्या आत उरकेल. रुचिराच्या वरच्या खोलीला खिडकी काढलीय, तिथून आपला सगळा चौक दिसतो. ती म्हणते, राधाआजी आली की तिला आधी ही खिडकी दाखवायची.

तुझ्या बाजूला, कपाटाजवळ, कमरेच्या उंचीवर मी हातभर जागा कोरी ठेवायला सांगितलीय. प्लास्टर नाही, रंग नाही, नुसती वीट. गवंडी विचारत होता इथे काय येणार आहे, स्विचबोर्ड का? मी हो म्हटलं.

सकाळी चहा ठेवला की मी ठोकते. तू तिथे तळवा ठेव, लागेल.

पाटा नवीन ओट्याखाली मांडून ठेवलाय. वरवंटा घेऊन ये.

सुगंधा